दरीतलं आपोआप उड्डाण

सोमवारच्या बैठकीत नकाशेबुवा एकदाच बोलले. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत ते बैठकीत कधी बोलले नव्हते. आणखी चार वर्षं गप्प बसले असते तर तसेच गुपचूप निवृत्तही झाले असते.

नकाशेबुवा म्हणजे मोजणी कार्यालयातले आरेखक. टेबलावर कागद ताणून बसवायचा, पेन्सिलीला टोक काढायचं आणि नद्या, नाले, रस्ते, बांध रेघारेघांनी कागदावर उतरवायचे, हे त्यांचं काम. सहा वर्षांपूर्वी कार्यालयानं हातानं नकाशे काढणं बंद केलं. बुवांना मात्र बंद करायचं राहून गेलं. तेव्हापासून संगणकानं काढलेल्या नकाशांवर उत्तरेचा बाण वरच्या बाजूला आहे ना, एवढं तपासून ते सही करत.

त्या सोमवारी साहेबांच्या हातात एक पत्र होतं. दूरच्या एका दरीत तेवीस घरांची वस्ती होती आणि तिच्या डोक्यावरच्या उताराला भेग पडली होती. पत्र तिथल्या शाळेच्या बाईंचं होतं आणि ते अकरावं होतं. आधीची दहा कुठल्या ना कुठल्या टेबलावर विसावली होती.

"आता वरून विचारणा आलीय," साहेब म्हणाले. "भेगेचा नकाशा पाहिजे. त्यावरून वस्ती हलवायची की नाही ते ठरणार. तिथे ना धड रस्ता, ना मोबाईलला रेंज. कोण जातंय?"

सगळ्यांनी आपापल्या चहाच्या कपात पाहिलं. कुणीतरी कपाटातल्या ड्रोनची आठवण काढली. वर्षभरापूर्वी आलेला हा ड्रोन खोक्यातून अजून बाहेर आला नव्हता.

"रेंज नसेल तर तो उडणार कसा?" साहेबांनी विचारलं.

"पुस्तिकेत दिलंय साहेब," नकाशेबुवा म्हणाले, "उड्डाण घरी आखून ठेवलं की तिथे रेंज लागत नाही. आपोआप जातो, आपोआप फोटो काढतो, आपोआप परत येतो."

त्यांच्या मनात काही नव्हतं हो. मिक्सर असो, इस्त्री असो, नाही तर गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा पातळ कागद असो, छापील सूचना दिसल्या की त्या पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायच्या, ही त्यांची सवय. ड्रोनची पुस्तिका त्यांनी वर्षभरापूर्वी जेवणाच्या सुट्टीत वाचली होती. पण कार्यालयात ती वाचलेला दुसरा माणूस नव्हता, आणि एवढ्यावरच बुवा त्या विषयातले तज्ज्ञ ठरले.

"वा!" साहेब म्हणाले. "पुढच्या गुरुवारी निघा."

ड्रोनचं खोकं आणि त्यासोबतचा टॅब घेऊन बुवा घरी आले, तेव्हा दार उघडणाऱ्या बायकोनं आधी खोक्याकडे पाहिलं आणि मग त्यांच्या तोंडाकडे.

"काय आणलंत?"

"ड्रोन आहे. मी उडवणार आहे."

"तुम्ही?" बायको म्हणाली. त्या 'तुम्ही'त तेवीस वर्षांचा संसार होता. त्यात उलटा बसवलेला पडदा होता, तीनदा गळलेला नळ होता.

खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस बुवांचे फार सुखात गेले. टॅबवर दरीचा नकाशा होता आणि त्यावर ड्रोननं कुठून कुठे जायचं त्या रेघा आखायच्या होत्या. शेजारी शेजारी, सारख्या अंतरावर, उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सहा वर्षांनी कुणीतरी बुवांना रेघा मारायला सांगितलं होतं. त्यांनी एकोणीस रेघा आखल्या, पुसल्या, पुन्हा आखल्या. उड्डाणाची जागा ठरवली उताराच्या खांद्यावरच्या मोकळ्या सपाटीवर. तिथून शंभर मीटर उंचीवर ड्रोन फिरेल असा हिशेब बसवला.

मग टॅबनं एक प्रश्न विचारला आणि सुख संपलं. 'संपर्क तुटल्यास काय करावे?' उत्तरं तीन होती. परत ये, जागीच उतर, काम चालू ठेव.

"परत ये," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "त्यात विचार कसला करायचा? संपर्क तुटला की घरी यावं."

वरच्या मजल्यावरच्या हवामानकाकांना हे पटलं नाही. काका हवामान खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्या खात्याचा उरलेला सगळा अंदाज आता इमारतीच्या वाट्याला येत असे. "अहो, डोंगराआड गेला की संपर्क तुटणारच. दर वेळी परत आला तर काम कधी करणार? चालू ठेव म्हणा त्याला."

पुस्तिकेचं मत काकांच्या बाजूचं निघालं. दोन संध्याकाळी विचार करून बुवांनी 'काम चालू ठेव' हे निवडलं. बायकोनं एवढंच म्हटलं, "बघा बाई. मी आपलं सांगितलं."

त्यानंतर गच्चीवर होकायंत्र जुळवण्याचा कार्यक्रम झाला. ड्रोनला दिशा कळावी म्हणून तो दोन्ही हातांत आडवा धरायचा आणि स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची. मग त्याचं नाक खाली करून आणखी एक गिरकी. जवळपास लोखंड असलं तर ड्रोन गोंधळतो आणि पुन्हा गिरकी मागतो. गच्चीवर लोखंडी टाकी होती. बुवांनी चौदा गिरक्या घेतल्या. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांतून माणसं जमली. एका बाईंनी नंतर बायकोला गाठून हलक्या आवाजात विचारलं, "यांना पूर्वीपासून होतं का हो असं?" हवामानकाका मात्र खूष होते. "कंबरेला फार छान व्यायाम आहे," ते म्हणाले, "पण अधूनमधून उलट्या बाजूनंही घ्या."

बुवा जिना उतरले. उतरताना त्यांना कठडा धरावा लागला, तो अपमानामुळे की चक्करेमुळे, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

परवान्याच्या कार्यालयात खिडकीपलीकडे एक सभ्य कारकून बसला होता. सभ्य माणसाशी भांडताही येत नाही, ही त्यातली मोठी अडचण.

"सगळं बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "आता उड्डाणाच्या आधी मोबाईलवर ओटीपी येईल. तो आमच्या संकेतस्थळावर टाकला की तासाभराची परवानगी सुरू."

"पण तिथे रेंज नाही."

"मग रेंज असेल तिथून टाका."

"रेंज बावीस किलोमीटर मागे, खिंडीत आहे. खिंडीतून दरीत पोचायला दीड तास लागतो."

"परवानगी तासाचीच असते."

"म्हणजे मी पोचायच्या आत ती संपणार!"

कारकुनानं मनापासून विचार केला. "मग लवकर निघा ना," तो म्हणाला.

ओटीपीतून सूट मिळण्याची सोय होती. त्यासाठी रेंज नसल्याचा दाखला जोडायचा होता आणि तो फोन कंपनीकडून आणायचा होता. कंपनीच्या काउंटरवरच्या मुलीनं संगणक बुवांकडे वळवला. नकाशावर सगळी दरी जांभळ्या रंगानं भरली होती. "जांभळं म्हणजे फुल रेंज, सर."

"अहो, पण तिथे एक दांडीसुद्धा येत नाही."

"तिथून आमच्याकडे आजपर्यंत एकाही ग्राहकाचा तक्रारीचा फोन आलेला नाही, सर."

बुवा घरी आले. त्यांनी बूट काढले आणि ते भिंतीकडे बघत बसले. बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"हे बघा, ओटीपी तुमच्या फोनवर येणार ना? मग फोन इथेच ठेवून जा. मी टाकते."

हे इतकं सोपं होतं की बुवांना थोडा रागच आला. "पण मग तू टाकलास की नाही, हे मला कळणार कसं?"

"नाही कळणार. आणि तुम्ही कड्यावरून पडलात की काय, हेही मला कळणार नाही. फोन तुमच्याकडे असता तरी कळलं नसतं. मग इथेच राहू दे ना तो!"

गुरुवारी अकरा ते बारा अशी वेळ मिळाली. बुधवारी संध्याकाळी बुवांनी पुस्तिकेप्रमाणे शेवटची तपासणी केली. नकाशे टॅबमध्ये साठवलेले आहेत, इंटरनेट बंद करून पाहिलं तरी दिसतात, डोंगराच्या उंच्या दिसतात. सगळं ठीक. टॅब चार्जिंगला लावून ते दाढीला गेले. तेवढ्यात हवामानकाका शुभेच्छा द्यायला आले. टॅब फार हळू चालतोय असं त्यांना दिसलं आणि शेजारधर्म म्हणून त्यांनी त्यातला साठलेला कचरा साफ करून दिला. "एकदम हलका केलाय," जाताना ते बायकोला म्हणाले. "उद्या दुवा देतील मला."

गुरुवारी पहाटेच निघालेली कार्यालयाची जीप खिंड ओलांडून दरीत उतरली ती हाडं खिळखिळी करतच. ड्रायव्हर अबोल होता. खांद्यावरच्या सपाटीकडे जाणारा चढ आला तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरून वाटेकडे पाहिलं आणि परत येऊन बसला.

"नाही जायची," तो म्हणाला.

"प्रयत्न करून बघा ना."

"केला," ड्रायव्हर म्हणाला. वाटेकडे बघणं हाच त्याचा प्रयत्न होता. मग शाळेच्या पटांगणावरूनच उड्डाण करायचं ठरलं. पटांगण सपाटीपेक्षा बरंच खाली होतं. पण साडेदहा झाले होते, परवानगी तासाचीच होती, आणि जागा बदलली की आणखी काय काय बदलतं हे बुवांना त्या घाईत सुचलं नाही.

शाळेच्या बाई ओसरीतच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, सडसडीत, हातात हजेरीपट. अकरा पत्रं लिहून जे माणूस आलं ते पाहून त्यांना आनंद झाला की नाही, हे चेहऱ्यावरून कळलं नाही.

"भेग बघायला आलात ना? चला, वर जाऊ," त्या म्हणाल्या.

"वर जायची गरज नाही," बुवा म्हणाले. "हा आपोआप जाईल."

बाईंनी ड्रोनकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या.

बुवांनी टॅब उघडला. दरी नव्हती. डोंगर नव्हता, वस्ती नव्हती. करड्या पोकळीत एकोणीस रेघा तेवढ्या लोंबत होत्या. उंचीच्या जागी एक आडवी रेघ आणि खाली सूचना, 'नकाशा उतरवण्यासाठी इंटरनेट तपासा'. बुवांनी टॅब बंद करून चालू केला, हलवला, उन्हात धरला, सावलीत धरला. मग काका शुभेच्छा द्यायला आले होते असं बायको म्हणाल्याचं त्यांना आठवलं आणि साठवलेले नकाशे कुठे गेले असतील ते लक्षात आलं.

पण रेघा तर शाबूत होत्या! अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. बायकोवर विश्वास ठेवून त्यांनी बटण दाबलं.

ड्रोन उठला. शाळेतली पोरं ओरडली, कोंबड्या पळाल्या, आणि तो भुणभुणत, शिस्तीत, सरळ रेघेत उताराकडे निघाला. बुवांचा ऊर भरून आला. ती रेघ त्यांची होती. पहिली रेघ पूर्ण झाली, दुसरी झाली. तिसऱ्या रेघेला ड्रोन खांद्याआड गेला आणि टॅबवर अक्षरं आली, 'संपर्क तुटला. काम चालू आहे.'

"आता काय?" बाईंनी विचारलं.

"आता काही नाही. तो आपलं आपण करतो. शंभर मीटर उंचीवरून फिरेल आणि परत येईल."

"शंभर मीटर कुठून?"

"अहो, जिथून उडाला तिथून..." बुवा बोलता बोलता थांबले.

जिथून उडाला तिथून. उडायचा होता सपाटीवरून. उडाला होता पटांगणातून. सपाटी पटांगणापासून किती वर? त्यांनी मान उचलली. दीडशे मीटर तरी असेलच. म्हणजे ड्रोन डोंगराच्या वरून जाणार नव्हता. तो डोंगराच्या पोटाकडे निघाला होता, अत्यंत शिस्तीत, सरळ रेघेत. आणि संपर्क तुटताच परत यायची त्याची सोय बुवांनीच दोन संध्याकाळी विचार करून बंद केली होती. एरवी टॅबनं उंच्या पाहून आरडाओरडा केला असता. पण त्याच्या लेखी आता जगात डोंगरच नव्हता.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"पाणी मिळेल का थोडं?" बुवा म्हणाले.

बॅटरी अठ्ठावीस मिनिटं चालणार होती. साडेअकरा वाजले, पावणेबारा वाजले. बारा वाजता परवानगीही संपली. आता ड्रोन आकाशात असला तर बेकायदा होता आणि नसला तर फुटलेला होता. त्यातलं काय मागावं हेच बुवांना समजेना. पोरं वर बघून बघून कंटाळली आणि पाढे म्हणायला गेली. बुवा पायरीवर बसले. चार वर्षं, त्यांना वाटलं, फक्त चार वर्षं गप्प बसायचं होतं. आता चौकशी होईल. खुलासा मागवतील. निवृत्तीच्या समारंभात साहेब या दिवसाचा उल्लेख मुद्दाम टाळतील, आणि तो टाळलेला सगळ्यांना ऐकू येईल.

"नाही आला," शेवटी बाई म्हणाल्या. "चला, वर जाऊ."

ड्रायव्हर जीपपाशी थांबला. "निदान जीप तरी घेऊन जाऊ परत," असं त्याचं म्हणणं पडलं. वस्तीतले दोघे-तिघे सोबत आले. बुवा आयुष्यात टेकडीसुद्धा चढले नव्हते. त्यांनी टेबलावर शेकडो डोंगर काढले होते आणि प्रत्येक चढाला जवळ जवळ रेघा मारल्या होत्या. त्या रेघांमध्ये एवढी धाप असते हे त्यांना आज कळत होतं.

ड्रोन एका काटेरी झुडपात सापडला. एक पातं तुटलेलं, एक हात लुळा, कॅमेऱ्याचा डोळा आकाशाकडे. फोटो एक्केचाळीस निघाले. सुरुवातीचे वस्तीच्या छपरांचे, मग एकाच उताराचे, दर फोटोत तो उतार थोडा जवळ. शेवटचा फोटो गवताचा होता, फार स्पष्ट. बुवांनी ड्रोन पिशवीत घातला आणि तोंडावरचा घाम पुसला. घाम होता असंच ते नंतर सांगत.

"इकडे या," बाई पुढून म्हणाल्या. "ही बघा."

गवतात एक काळी रेघ होती. आधी ती बोटभर दिसली. पुढे चालत गेले तशी ती रुंदावली. एका जागी बुवा गुडघ्यावर बसले आणि त्यांनी भेगेत हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला, बोटांना तळ लागला नाही, आणि खालून गार हवा आली. बुवांनी मान वळवली. बरोबर खाली तेवीस छपरं होती, आणि शाळेत पोरं सतराचा पाढा म्हणत होती. तो इथवर ऐकू येत होता.

सकाळपासून ते स्वतःसाठी घाबरले होते. आता त्यांना वेगळंच काहीतरी वाटलं, आणि त्यात स्वतःची आठवणसुद्धा राहिली नाही.

"केव्हापासून आहे ही?"

बाईंनी हजेरीपट उघडला. मागच्या पानांवर तारखा होत्या. भेगेच्या दोन्ही बाजूंना त्यांनी खुंट्या ठोकल्या होत्या आणि दर शनिवारी शाळा सुटल्यावर पोरांच्या फूटपट्टीनं त्यांच्यामधलं अंतर मोजलं होतं. सात महिने. पहिले चार महिने बोट बोट, मग वीत. "सगळ्या पत्रांत लिहिलं होतं मी हे," त्या म्हणाल्या.

बुवांनी ते आकडे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मग म्हणाले, "वस्तीत लांब दोरी आहे का? टेप माझ्या पिशवीत आहे. आणि शाळेत चित्रकलेचे कागद असतील तेवढे सगळे द्या."

दुपार उलटेपर्यंत त्यांनी भेग पायांनी चालून मोजली. वस्तीतली माणसं दोरी धरत, बाई आकडे लिहीत आणि बुवा धापा टाकत पुढच्या टोकाला जात. भेग तीनशे चाळीस मीटर भरली. मग वर्गात जमिनीवर सहा कागद खळीनं जोडून, पोटावर झोपून त्यांनी नकाशा काढला. उतार, भेग, खुंट्या, छपरं एक ना एक. उजेड होता तोवर त्यांचा हात थांबला नाही. ड्रायव्हर येऊन दारात उभा राहिला आणि त्याला दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी बोलावंसं वाटलं. "मस्त काढलाय," तो म्हणाला.

घरी आल्यावर बायकोनं आधी बुवांचे हातपाय नीट बघितले आणि मग स्वतःची हकीकत सांगितली. ओटीपी आला होता. पण तो टाकल्यावर संकेतस्थळानं 'तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा' म्हणून पुलांची चित्रं ओळखायला लावली, आणि एका चित्रात पूल होता की पाण्याचा मोठा नळ, यावर तिचं आणि हवामानकाकांचं एकमत होईना. परवानगी मिळाली ती बारा-वीस ते एक-वीस. म्हणजे सगळं उड्डाण बेकायदा झालं होतं आणि पूर्ण परवानगीच्या काळात ड्रोन अगदी कायदेशीरपणे झुडपात पडून होता.

शुक्रवारी साहेबांनी तुटका ड्रोन पाहिला, नकाशा पाहिला आणि डोकं धरलं. "हे काय? हातानं काढलेला नकाशा मी वर पाठवू कसा? प्रकरणाचं नावच ड्रोन सर्वेक्षण आहे. हातकामाचा विभाग बंद झाला, त्याचा शिक्कासुद्धा जमा केलाय आपण!"

"साहेब," बुवा म्हणाले. आवाज चढला होता आणि तो उतरवायचं त्यांना भान नव्हतं. "माझा हात कोपरापर्यंत आत गेला. खाली पोरं पाढे म्हणत होती. माझा खुलासा मागवा, पगार कापा, काय ते करा. पण हा कागद आज गेला पाहिजे. बाराव्या पत्राची वाट बघू नका."

साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त साहेब होते. त्यांनी नकाशा पुन्हा पाहिला, या वेळी नीट. खुंट्यांचे आकडे वाचले. मग पेन काढून वर लिहिलं, 'ड्रोनच्या साहाय्याने तयार केलेला नकाशा', आणि एक्केचाळीस फोटो सोबत जोडायला सांगितले, गवताच्या फोटोसकट.

"पण साहेब, ड्रोन पिशवीत होता."

"तिथेच होता ना? मग झालं."

नवव्या दिवशी वस्ती दरीच्या पलीकडच्या बाजूला हलली. माणसं कुरकुरत गेली, कोंबड्या टोपल्यांतून गेल्या, बाई फळा घेऊन सगळ्यात शेवटी गेल्या. सव्विसाव्या दिवशी दुपारी उतार खाली आला. तेवीसच्या तेवीस घरं आणि शाळेचं पटांगण मातीखाली गेलं. माणूस एकही नाही. कार्यालयात बातमी आली तेव्हा बुवा उत्तरेचा बाण तपासत होते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, प्रसाधनगृहात जाऊन कडी लावली आणि पाच मिनिटांनी तोंड धुऊन बाहेर आले.

आता इथे गोष्ट संपली असती तर बुवांचं भलं झालं असतं. पण वरून कौतुकाचं पत्र आलं, 'रेंज नसलेल्या दुर्गम भागात स्वयंचलित ड्रोन उड्डाणाच्या यशस्वी नियोजनाबद्दल'. बुवांनी खरं सांगायचा प्रयत्न केला. साहेब म्हणाले, विनय पुरे. हवामानकाकांनी इमारतीत सांगितलं की टॅब त्यांनी हलका केला होता म्हणूनच हे जमलं. पाठोपाठ नवा ड्रोन आला, आणखी सात दऱ्यांची यादी आली आणि आदेश आला की नकाशेबुवांनी निरनिराळ्या कार्यालयांतल्या बारा तरुण अभियंत्यांना या तंत्राचं प्रशिक्षण द्यावं.

ठरल्या दिवशी बुवा इस्त्रीचा सदरा घालून त्यांच्यापुढे उभे राहिले. बारा जण बारा लॅपटॉप उघडून बसले होते. मागच्या पडद्यावर बुवांचं नाव आणि हुद्दा झळकत होता. त्यांनी ठरवलं, आता काय व्हायचं ते होवो, एकदा खरं सांगून टाकायचं.

"पहिली गोष्ट," नकाशेबुवा म्हणाले, "डोंगर स्वतः चढावा लागतो. भेगेत स्वतःचा हात घालावा लागतो."

बारा जणांनी ते अक्षरशः टिपून घेतलं. मग पहिल्या रांगेतल्या मुलीनं नम्रपणे हात वर केला.

"सर, हा पर्याय सेटिंगमध्ये कुठे असतो?"